फाटकावरचा ‘देश’: मनीषनगरातल्या एका भाड्याच्या फ्लॅटचे प्रकरण

सोमवारी सकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला. “फ्लॅट क्र. ३०२ मधील भाडेकरूंनी सात दिवसांत पासपोर्टची प्रत, पोलीस व्हेरिफिकेशन व चारित्र्याचा दाखला सादर करावा, अन्यथा फ्लॅट रिकामा करावा. यापुढे फ्लॅट फक्त फॅमिलीलाच द्यावा.” खाली सचिवांची सही आणि शिक्का.

पासपोर्ट मागितला होता तो भारतीय नागरिकांकडे. तिघी मुली. दोघी नागालँडच्या, खासगी रुग्णालयात परिचारिका. तिसरी मिझोरमची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ. नागपूरच्या मनीषनगरातली चार मजली इमारत, चोवीस फ्लॅट, खाली पार्किंग. मालक पुण्यात. भाडे महिना १४,०००, अनामत ४०,०००, करार अकरा महिन्यांचा.

ही इमारत शोधायला कोणी जाऊ नये. ईशान्येकडून आलेल्या भाडेकरूंच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी एकत्र करून, रहिवासी संघटना आणि मध्यस्थी करणाऱ्यांच्या अभ्यासासाठी हे प्रकरण रचले आहे. माणसे आणि इमारत रचलेली आहेत. कायदे, निकाल आणि तारखा खऱ्या आहेत.

नोटिशीच्या आधीचे पाच आठवडे

सुरुवात फाटकावर झाली. टेम्पोतून गाद्या उतरत असतानाच चौकीदाराने विचारले, “मॅडम, कौन से देश से?” त्याच आठवड्यात त्याने भेट देणाऱ्यांच्या वहीत पेनाने एक उभी रेघ मारून नवा रकाना केला: ‘देश’. हा रकाना फक्त ३०२ कडे येणाऱ्यांसाठी भरला जाई. कधी ‘आसाम’, कधी ‘नागालँड’, कधी नुसतेच ‘बाहेर’. त्यांच्या पाहुण्यांच्या आधार कार्डाचा फोटो काढून क्रमांकही लिहिला जाई. ३०१ किंवा ३०३ कडे येणाऱ्यांचे नाव आणि वेळ एवढेच लिहिले जाई, तेही चौकीदार जागेवर असला तर.

मग पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी ‘चिंकी’ आणि ‘मोमो’ हे शब्द आले. घरकामाच्या बाईला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बजावले, “तिथं काम करशीन तं आमच्याकडं येऊ नको.” व्हॉट्सॲप गटावर ‘शाफ्टमधून मेलेल्या जनावरासारखा वास येऊन राहिला’ असा मेसेज पडला आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. रात्री साडेनऊला ड्युटीवरून आलेल्या मुलीला चौकीदाराने वीस मिनिटे फाटकाबाहेर उभे ठेवले. सचिवांना फोन लागेपर्यंत फाटक उघडू नकोस, असे त्याला सांगितलेले होते. शेवटी पार्किंगमध्ये सहा-सात जणांसमोर सचिव एकीला म्हणाले, “तुम चिंकी लोगों को चायना में ही रहना चाहिए था.”

सचिवांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. हा माणूस आठ वर्षे बिनपगारी टँकर, लिफ्टची देखभाल आणि मोटारपंपाची दुरुस्ती सांभाळतो. इमारतीत त्याला मान आहे. अशा प्रकरणांत समोर दुष्ट माणूस असेल अशी अपेक्षा धरून जाणारा मध्यस्थ पहिल्याच बैठकीत गोंधळतो, कारण समोर बसलेला माणूस सर्वांना उपयोगी पडणारा असतो. चांगला शेजारी आणि भेदभाव करणारा माणूस एकच असू शकतो, हे धरूनच काम सुरू करावे लागते.

पहिली बैठक, आणि ती का फसली

अध्यक्षांनी रविवारी संध्याकाळी गच्चीवर बैठक बोलावली आणि सचिवांनी ती चालवली. हेतू चांगला होता, ‘गैरसमज दूर करू’. चहा आणि आलूबोंडे आले. एका बाजूला तीन मुली, समोर सतरा जण. तासाभरात ठरले ते असे: मुलींनी वासाबद्दल माफी मागावी, रात्री दहाच्या आत घरी यावे, पुरुष पाहुणे आणू नयेत. बदल्यात सचिवांनी ‘भावना दुखावल्या असतील तर सॉरी’ म्हणावे. मुलांच्या शब्दांबद्दल ‘लहान लेकरं आहेत, बोलतात’ यावर विषय संपला. हस्तांदोलन झाले. तिसऱ्या दिवशी फाटक पुन्हा अडले आणि पुढच्या सोमवारी ती नोटीस लागली.

फसण्याचे मुख्य कारण बैठकीच्या रचनेतच होते. शेंगदाण्याचे कूट आणि वाळू एकाच चाळणीत ओतावी तसे सगळे मुद्दे एका ढिगात टाकले गेले. वास, कचरा, स्कूटर, शिवी, पासपोर्ट: सगळे ‘दोन्ही बाजूंच्या तक्रारी’ झाले. एकदा दोन बाजू मानल्या की तडजोड मधोमध होते. वासाच्या बदल्यात शिवी माफ, अशी ती तडजोड. म्हणजे जिचा अपमान झाला तिनेच समेटाची निम्मी किंमत मोजायची. ‘दोघांनी समजून घ्या’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण अशा बैठकीत त्याने सर्वांत जास्त नुकसान होते.

दुसरे कारण साधे होते. सतरा विरुद्ध तीन अशा बैठकीत तिघी काय बोलणार? त्यांना मराठी समजत नव्हते आणि अर्धी चर्चा मराठीत झाली. ठरलेले कुठेही लिहिले गेले नाही. आणि ज्याच्याबद्दल तक्रार होती तोच बैठक चालवत होता.

बैठकीत एका काकांनी असेही म्हटले की एकत्र राहिले की माणसे आपोआप एकमेकांना ओळखू लागतात, वेळ द्या. अनुभव वेगळे सांगतो. सिंगापूरमध्ये १९८९ पासून सरकारी घरांच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी, मलय, भारतीय अशा वंशगटांना कमाल मर्यादा आहे. त्यामुळे शेजार मिसळलेलाच राहतो. तरीही २०२५ मध्ये तिथल्या संसदेला वांशिक सलोखा राखण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. भिंतीला भिंत लागली म्हणजे वागणूक बदलते असे नाही. वागणुकीवर वेगळे काम करावे लागते.

तीन ढीग

नोटीस वाचून दोन रहिवासी पुढे आले. एक वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीतून) निवृत्त झालेले काका, दुसऱ्या १०४ मधल्या शिक्षिका ताई. काका बौद्ध. नोकरीच्या सुरुवातीला घर शोधताना ‘आडनाव काय?’ हा प्रश्न त्यांनी दारोदार ऐकलेला. नागपुरात हा प्रश्न कशासाठी विचारतात हे सांगावे लागत नाही. मुस्लिम कुटुंबाने नाव सांगितल्यावर ‘फ्लॅट कालच गेला’ हे उत्तर येते, तेही त्याच घराण्यातले. नोटिशीतला ‘फॅमिलीलाच’ हा शब्द काकांनी लगेच ओळखला. चेहऱ्यावरून केलेला भेद इथे नव्याने शिकावा लागत नाही. जातीवरून आणि धर्मावरून घर नाकारण्याची जी रीत आधीपासून आहे, तीच नव्या माणसांना लावली जाते.

मनाला लागणारी गोष्ट अशी की हे शहर त्या चेहऱ्यांना अनोळखी नाही. दीक्षाभूमीच्या सोहळ्याला पूर्व आशियातले भिक्खू येतात, कामठीचे ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर जपानी मदतीतून उभे राहिले, जपानमध्ये जन्मलेले भदन्त सुरेई ससाई अनेक दशके इथे राहिले आणि भारतीय नागरिक झाले, आणि हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडून स्वेटर घेणारी घरे मनीषनगरातही आहेत. देवळातला, विहारातला, दुकानातला चेहरा चालतो. तोच चेहरा शेजारच्या दारात आला की पासपोर्ट मागितला जातो.

काका आणि ताईंनी मालकाला फोन केला, ओळखीच्या वकिलांना विचारले आणि सर्व तक्रारी एका कागदावर उतरवल्या. प्रत्येक तक्रारीसमोर तीनच प्रश्न होते. हा नियम कुठे लिहिला आहे का? गेल्या वर्षभरात तो उरलेल्या तेवीस फ्लॅटपैकी कोणाला लावला? या जागी नागपूरचीच तीन माणसे राहत असती तर ही तक्रार झाली असती का?

या चाळणीतून तीन ढीग झाले.

पहिला ढीग खऱ्या गैरसोयीचा. मुली ओला-सुका कचरा एकाच पिशवीत टाकत होत्या. त्यांची स्कूटर दोनदा दुसऱ्याच्या जागेवर लागली होती. शाफ्टमधून वास वर जात होता, हेही खरे.

दुसरा ढीग अशा नियमांचा, जे असू शकतात पण सर्वांसाठीच: पाहुण्यांची नोंद, भाडेकरूंची पोलिसांकडे नोंद, रात्री फाटक बंद करण्याची वेळ. इथे वहीने साक्ष दिली. दोन महिन्यांच्या पानांवर आधार क्रमांकाची नोंद फक्त ३०२ च्या पाहुण्यांपुढे होती. रात्री दहानंतर येणारे लोक सहा-सात फ्लॅटमध्ये होते. कोणी मिहान या उद्योग क्षेत्रातल्या कंपनीत, कोणी रेल्वेत, कोणी औषध दुकानात. त्यांच्यासाठी फाटक कधी अडले नव्हते.

तिसरा ढीग निव्वळ भेदाचा: पासपोर्ट, ‘देश’चा रकाना, शिव्या, कामवालीला धमकी, फाटकावर अडवणे, सात दिवसांत घर सोडण्याचा इशारा.

पहिल्या ढिगावर शेजाऱ्यांसारखी बोलणी करावी. दुसऱ्यावर नियम लिहून सर्वांना लावावा, नाहीतर सोडून द्यावा. तिसऱ्या ढिगावर बोलणी नसतात. ते थांबवायचे असते आणि जबाबदारी ठरवायची असते. तिसऱ्यातली एकही गोष्ट पहिल्यातल्या गोष्टीच्या बदल्यात द्यायची नाही, हे काका-ताईंनी स्वतःपुरते आधीच ठरवून घेतले. पुढे प्रत्येक वेळी ‘बरं, ते वासाचं पण बघा ना’ असे कोणी म्हणाले की ताई कागदावर बोट ठेवत: “तो वेगळा ढीग आहे.”

कागद: कोणत्या कायद्याखालची इमारत?

इथे नागपुरात हमखास होणारी चूक आहे. लोक सरळ सहकारी गृहनिर्माण संस्थेचे आदर्श उपविधी (नियमावली) दाखवतात किंवा सहकार खात्याकडे धाव घेतात. पण विदर्भातल्या पुष्कळ इमारती सहकारी संस्था नसतात. त्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली असतात. तिथे डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत या कायद्याखाली आणणारे घोषणापत्र) आणि त्याला जोडलेले उपविधी हा मूळ कागद. ही इमारत तशीच होती. मालकाने आपल्या डीड ऑफ अपार्टमेंटसोबत ती प्रत शोधून पाठवली. फ्लॅट भाड्याने देण्याआधी समितीची परवानगी घ्यावी असे त्यात कुठेही नव्हते. भाडेकरूला बाहेर काढण्याचा अधिकार तर समितीला नव्हताच, कारण भाडेकरूचा करार मालकाशी असतो.

सहकारी संस्था असती तर मुद्दे थोडे बदलले असते. तिथे सभासदाने भाडेकरू ठेवताना संस्थेला कळवायचे असते. कळवणे आणि परवानगी मागणे यांत फरक आहे, आणि गैरव्यवहार नेमका तिथेच होतो. सभासद स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हाचे बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. राज्य सरकारचा तो आदेश २००१ चा आहे.

करार नोंदणीकृत होता, ही मुलींची सर्वांत मोठी ढाल ठरली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. खर्च फार नाही. अकरा महिन्यांचे भाडे १,५४,०००, त्यात अनामतीवर १० टक्के दराने धरलेले व्याज मिळवून त्या रकमेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे इथे सुमारे ४०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एवढे पैसे वाचवण्यासाठी नोटरीच्या कागदावर भागवले जाते. मग वाद झाला की भाडेकरूच्या हातात काहीच राहत नाही, असे लोक समजतात. तेही अर्धसत्य आहे. करार नोंदलेला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. पण ते मांडण्यासाठी न्यायालयात जायला वेळ आणि पैसा कोणाकडे असतो?

मालकाने समितीला एक पानाचे पत्र पाठवले. त्यात मोजक्याच गोष्टी होत्या. कराराचा नोंदणी क्रमांक आणि मुदत. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्याला दिल्याची पोच. भाडेकरू भारतीय नागरिक असल्याने पासपोर्टची मागणी निराधार आहे, कारण राहणाऱ्याची चोवीस तासांत नोंद करण्याचा नियम परदेशी नागरिकांपुरता आहे. नोटीस मागे घ्यावी. आणि यापुढे भाडेकरूंबद्दलची तक्रार लेखी, तारखेसह, नियमाच्या क्रमांकासह मालकाकडे पाठवावी. या शेवटच्या वाक्याने बरेच काम केले. नियमाचा क्रमांक लिहायची वेळ आली तेव्हा सातपैकी चार तक्रारी परत आल्याच नाहीत.

पुष्कळ मालक इथे माघार घेतात. दूर राहतात, समितीशी वैर नको असते, मुलींना फोन करून सांगतात, ‘बेटा, दुसरं घर बघा, अनामत देतो परत.’ हा मालक ठाम राहिला म्हणून पुढचे सगळे शक्य झाले. असा मालक नसेल तर या पद्धतीचे निम्मे पाय मोडतात, हे मान्य केले पाहिजे.

पुरावा आणि पोलीस

पहिल्या दोन दिवसांत करायच्या गोष्टी उशिरा केल्या तर हाती लागत नाहीत. पार्किंगमधल्या कॅमेऱ्याचे चित्रण ठराविक दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी लेखी, तारीख आणि वेळ टाकून करायची. नोटिशीचा फोटो बोर्डासकट काढायचा, नुसत्या कागदाचा नाही. वहीच्या पानांचे फोटो सलग काढायचे, म्हणजे बाकीच्या फ्लॅटच्या नोंदीही दिसतात. भेद त्या तुलनेतच दिसतो. व्हॉट्सॲप संदेशांचे कापलेले स्क्रीनशॉट कमी उपयोगाचे. संपूर्ण संभाषण तारखांसह बाहेर काढून ठेवायचे आणि ज्या फोनवर ते आले तो फोन बदलायचा नाही, कारण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावे लागते. पार्किंगमध्ये हजर असलेल्यांपैकी दोघांनी जे ऐकले ते त्याच शब्दांत लिहून दिले. ‘अपशब्द वापरले’ असे लिहिलेले निवेदन कुचकामी असते. नेमका शब्द हवा, कितीही वाईट असला तरी.

कायद्याची बाजू तिघींना वकिलांनी समजावून सांगितली. फाटकावर वीस मिनिटे अडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खालचा बेकायदा अटकाव होऊ शकतो. चिथावणी देणारा अपमान कलम ३५२ मध्ये येतो, पण तो अदखलपात्र आहे, म्हणजे ठाण्यात फक्त एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) होते. वांशिक शिवीसाठी स्वतंत्र कलम आजही नाही. दिल्लीत २०१४ च्या जानेवारीत अरुणाचलच्या निदो तानिया या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत १५३ क आणि ५०९ अ ही दोन नवी कलमे सुचवली होती. त्या रूपात ती आली नाहीत.

तिघी अनुसूचित जमातीच्या होत्या, म्हणून अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा विचार झाला. लोकांच्या दृष्टीसमोरच्या जागी हेतुपुरस्सर केलेला अपमान त्या कायद्याच्या कलम ३(१)(र) मध्ये येतो. ईशान्येकडच्या नागरिकांवरील अशा प्रकारांत, पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असेल तर हा कायदा लावावा, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१२ मध्येच राज्यांना कळवले आहे. ठाण्यात मात्र एक ठराविक उत्तर मिळते, ‘तुमचं सर्टिफिकेट महाराष्ट्रात चालत नाही.’ इथे दोन गोष्टींची गल्लत होते. नोकरी-शिक्षणातले आरक्षण राज्यापुरते असते. अत्याचारापासूनचे संरक्षण तसे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की व्यक्ती ज्या राज्यात अनुसूचित म्हणून नोंदलेली आहे त्या राज्याबाहेरही तिला हे संरक्षण मिळते. या निकालाची प्रत सोबत नेलेली बरी.

अडचणी दुसऱ्या आहेत. अपमान जमातीच्या ओळखीमुळेच झाला, हे दाखवावे लागते. ‘मी चेहऱ्यावरून बोललो, जमात मला माहीतच नव्हती’ हा बचाव हमखास येतो. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे नागपुरात सहायक पोलीस आयुक्तांकडे असतो. आणि एकदा गुन्हा नोंदला की ‘आपसात मिटले’ असे ठाण्यात लिहून देऊन तो संपत नाही. हे सगळे गुन्हा नोंदण्याआधी सांगायला हवे, नंतर नाही. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदाही कोणीतरी सुचवला, पण तो एकाच समाजातल्या लोकांनी आपल्याच माणसाला वाळीत टाकण्याबद्दल आहे. इथे तो बसत नव्हता.

तिघींनी ठरवले: तारखेसह तक्रार अर्ज ठाण्यात द्यायचा, पोच घ्यायची, गुन्ह्याबाबतचा निर्णय पंधरा दिवसांनी घ्यायचा. हा निर्णय त्यांचा होता. शेजाऱ्यांनी ‘करिअरचा विचार करा, सोडा’ म्हणणे जितके चूक, तितकेच कार्यकर्त्यांनी ‘आता माघार घ्यायची नाही’ म्हणणेही. राहायचे त्यांना आहे, त्याच जिन्याने.

दुसरी बैठक

पोच पावतीची प्रत समितीकडे गेल्यावर दुसरी बैठक चार दिवसांत लागली. ताईंच्या अटी आधीच लेखी गेल्या होत्या. खुर्चीवर सचिव नसतील. समितीचे पाचच जण आणि तिघी, सोबत त्यांनी निवडलेली दोन माणसे. भाषा हिंदी. तिसरा ढीग आधी घ्यायचा, तो संपेपर्यंत पहिल्याला हात लावायचा नाही. ठरेल ते त्याच रात्री लिहून सह्या.

सर्वांत जास्त वेळ माफीच्या शब्दांवर गेला आणि जायलाच हवा होता. सचिवांचा पहिला मसुदा होता, ‘माझ्या बोलण्याने कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे.’ या वाक्यात दोष भावनांचा ठरतो आणि ‘असतील तर’ने घडलेलेच नाकारले जाते. तिसऱ्या मसुद्यात काय बोलले, कुठे, कोणासमोर, हे आले आणि ‘ते चुकीचे होते, पुन्हा होणार नाही’ हे सरळ लिहिले गेले. माफी जिथे अपमान झाला तिथेच हवी. म्हणून ती बोर्डावर लागली आणि गटावरही गेली. बंद खोलीतली माफी फक्त मागणाऱ्याच्या सोयीची असते.

नोटीस लेखी मागे घेतली गेली. मग कोणीतरी सुचवले, चौकीदाराला काढून टाकू. अशा वेळी ही पळवाट नेहमी निघते. बालाघाटकडून आलेला, एजन्सीचा पगार घेणारा माणूस सांगितलेलेच करत होता. त्याला काढले की दोष गेटवर संपला असे सर्वांना वाटते. तिघींनीच विरोध केला. त्याऐवजी टेबलावर चार ओळींची हिंदी सूचना चिकटवली: रहिवाशाला, मालक असो की भाडेकरू, कोणत्याही वेळी अडवायचे नाही. पाहुण्यांची नोंद सर्व फ्लॅटसाठी सारखी. देश, धर्म, जात विचारायची नाही. शंका असल्यास थेट त्या फ्लॅटला इंटरकॉम करायचा.

कामवालीला धमकी देणाऱ्या काकूंशी ताई एकट्या बोलल्या. काय बोलणे झाले ते कागदावर नाही. बाई पुढच्या महिन्यापासून ३०२ मध्ये कामाला येऊ लागली.

वास

आता पहिला ढीग. वास कशाचा? नागालँडमध्ये सोयाबीन उकडून, आंबवून अखुनी करतात. सुक्या मासळीबरोबर किंवा मांसात शिजवताना तिचा वास उग्र येतो. आपल्याकडे सुकट भाजली, सावजीचा मसाला खमंग होईपर्यंत परतला, तरी शाफ्टमधून चौथ्या मजल्यापर्यंत ठसका जातोच. त्याची तक्रार गटावर कधी आली नव्हती, कारण तो वास ओळखीचा. तरीही ४०२ मधल्या आजींना दम्याचा त्रास होता, म्हणून प्रश्न हसण्यावारी नेला नाही.

प्लंबरने पाहिल्यावर कारण सापडले. ३०२ च्या एक्झॉस्ट फॅनला झडप नव्हती आणि पंखा सहा इंचीच होता. ४०२ च्या बाथरूमच्या जाळीलाही झडप नव्हती. खालून ढकललेली हवा गच्चीपर्यंत जाण्याऐवजी वाटेतल्या उघड्या जाळीतून आत शिरत होती. शिवाय गच्चीवर शाफ्टचे तोंड कबुतरांसाठी प्लास्टिकच्या पत्र्याने जवळपास बंद केलेले. पत्रा काढून जाळी बसवली, ३०२ ला नऊ इंची पंखा शटरसह आणि ४०२ च्या जाळीला आपोआप मिटणारी झडप. मालक, समिती आणि ४०२ यांनी खर्च वाटून घेतला. पत्रा काढल्यावर पूर्ण लाइनमधल्या चार घरांची कोंदट हवा गेली. म्हणजे दोष अर्धा इमारतीचाच होता.

कचऱ्याच्या दोन बादल्या आल्या, स्कूटरची जागा रंगाने आखली गेली. यावर पंधरा मिनिटेही लागली नाहीत.

पुढचे महिने

मुलांचे चिडवणे लगेच थांबले नाही. दोन घरांतल्या आईबाबांनी घरी बोलून थांबवले, तिसऱ्याने ‘मस्करी आहे’ म्हटले. त्या घराशी तिघींचे आजही जेमतेम बोलणे. वांशिक सलोखा म्हणजे सगळ्यांनी गळ्यात गळे घालणे, अशी अपेक्षा धरू नये. जिन्यात मान डोलवून निघून जाता आले, फाटक न विचारता उघडले, नोटिशीत नाव आले नाही, हे आधी. मैत्री झाली तर तिच्या वेळेने होईल. मिझोरमच्या मुलीने बंगळूरुला नोकरी घेतली आणि ती निघून गेली. नोकरीसाठीच गेली का, हे तिला कोणी विचारले नाही, आणि ते विचारायला हवे होते. तक्रार मिटली म्हणून नोंदवणाऱ्यांनी सहा महिन्यांनी पीडित व्यक्तीला पुन्हा एकदा भेटलेच पाहिजे. या प्रकरणात ती पायरी राहून गेली. ठाण्यातला अर्ज पुढे नेला गेला नाही, तो मागेही घेतला नाही.

दुसऱ्या ढिगाचा निकाल सर्वांत लवकर लागला. पाहुण्यांच्या आधारची नोंद खरोखरच सर्व फ्लॅटना लागू केली गेली. पहिल्याच रविवारी १०२ च्या जावयाला फाटकावर थांबून कार्ड काढावे लागले. ‘आम्ही काय चोर आहो का?’ म्हणत सासरे खाली आले. आठवड्याच्या आत समितीकडे नऊ तोंडी आणि दोन लेखी हरकती आल्या. आधारचा नियम रद्द झाला. नवी वही छापून आणली. तिच्यात चार रकाने आहेत: नाव, फ्लॅट, वेळ, सही.